कागद उशिरा का निघतो?

१९७३ साली अमेरिकेतल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रासमोर एक पेच होता. गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझरच्या किरणानं छापणारं यंत्र उभं केलं होतं आणि ते सेकंदाला एक पान काढत असे. संशोधकांच्या टेबलांवर ‘आल्टो’ हे स्वतंत्र संगणकही येऊ घातले होते. पण लेझर प्रिंटर इतका महाग आणि अवाढव्य, की तो प्रत्येकाला वेगळा देणं शक्यच नव्हतं. मग सगळ्या आल्टोंना एका प्रिंटरपर्यंत पोचवायचं कसं? बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात याचं उत्तर मांडलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ते प्रत्यक्षात आणलं. त्या जाळ्याचं नाव इथरनेट. त्याचा पहिला वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. आज आपल्या राउटरच्या मागे जी लॅनची वायर खोचलेली असते, ती याच इथरनेटची वारस.

म्हणजे स्थानिक नेटवर्कवर पडलेल्या अगदी पहिल्या कामांपैकी एक होतं, अनेकांना मिळून एक प्रिंटर वापरू देणं. त्या वेळेपेक्षा आज घरातलं जाळं कितीतरी पट वेगवान आहे. तरीही पुण्यातल्या वारज्यात, माळवाडीपासून पॉप्युलर नगर आणि अतुल नगरपर्यंत, कुठल्याही सोसायटीत विचारा. ‘प्रिंट दिली की चहा होतो, तरी कागद येत नाही’ ही तक्रार ऐकू येईलच. घरात प्रिंटर एकच असतो. त्यावर मुलीचं हॉल तिकीट निघतं, बाबांचं जीएसटीचं विवरण निघतं, आजोबांचा सातबारा निघतो, शिकवणी घेणाऱ्या काकूंची प्रश्नपत्रिका निघते आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची देखभाल खर्चाची बिलंही निघतात. तो रखडला की सगळं घर खोळंबतं. मग कोणीतरी म्हणतं, ‘प्रिंटर जुना झालाय, नवा घेऊ.’ नवा येतो आणि तोही तसाच रखडतो, कारण बहुतेक वेळा दोष प्रिंटरमध्ये नसतोच. संगणकापासून कागदापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी वेळ जात असतो. ती जागा शोधता येते आणि त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. हातात घड्याळ असलं, की पुरतं.

उशीर दोन प्रकारचा

प्रिंटचं बटण दाबल्यावर काय काय घडतं? वर्ड किंवा पीडीएफ वाचणारं ॲप ते पान स्पूलर नावाच्या प्रणालीकडे देतं. प्रिंटरचा ड्रायव्हर त्या पानाचं प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करतो. ती माहिती नेटवर्कवरून प्रिंटरच्या मेमरीत जाते. शेवटी प्रिंटरचं यंत्र कागद ओढतं आणि छापतं.

या वाटेवर उशीर दोनच प्रकारे होतो. पहिला वाट पाहण्याचा: कुणीतरी कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेलं असतं. अशा वेळी बटण दाबल्यावर बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग पानं एकदम धडाधड बाहेर पडतात. दुसरा वाहून नेण्याचा: माहिती जड असते किंवा वाट अरुंद असते. अशा वेळी काम लगेच सुरू होतं, पण दोन पानांच्या मध्ये लांब खंड पडतो, किंवा इंकजेटची शाई अर्ध्या पानावर थबकत थबकत चालते.

हा फरक ओळखला, की निम्मं निदान झालं. सुरुवातीचीच शांतता लांबत असेल, तर नेटवर्कचा वेग वाढवून काही साधत नाही. आणि प्रत्येक पान रखडत असेल, तर सेटिंगमधला प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता बदलून उपयोग नाही. म्हणून घड्याळ लावून दोन आकडे लिहून घ्या: बटणापासून पहिला कागद ओढला जाईपर्यंतचा वेळ, आणि त्यानंतर दर पानाला लागणारा वेळ.

आधी प्रिंटरलाच विचारा

आता वाटेचे टप्पे वेगळे करायचे. पहिली चाचणी संगणकाशिवाय. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून किंवा पडद्यावरून त्याचा माहितीचा कागद छापा. जवळपास प्रत्येक प्रिंटरमध्ये ही सोय असते. हाच कागद यायला वेळ लागला, तर नेटवर्कचा काही संबंध नाही. लेझर प्रिंटर झोपेतून उठला, की त्याच्या फ्यूझरला सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं, तेव्हाच टोनर कागदावर वितळून बसतो. इंकजेट बरेच दिवस बंद राहिला असेल, तर आधी तो शाईची तोंडं साफ करतो. ‘क्वाएट मोड’ चालू असेल किंवा कागदाचा प्रकार ‘जाड’ असा निवडलेला असेल, तर यंत्र मुद्दाम सावकाश चालतं. पावसाळ्यात दमट झालेला कागद ट्रेमध्ये राहिला, तर तो अडकतो, वळतो किंवा दोन-दोन ओढला जातो. कोरडा रीम उघडून पाहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी चाचणी यूएसबी वायरनं. लॅपटॉप थेट प्रिंटरला जोडा आणि तेच पान छापा. वायरनंही रखडलं, तर दोष फाइलचा, ड्रायव्हरचा किंवा संगणकाचा. वायरनं झटकन आलं आणि वायफायवर रखडलं, तर दोष वाटेचा.

तिसरी चाचणी मजकुराची. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून छापा आणि मग रखडणारी फाइल छापा. चार ओळी लगेच आल्या, तर वाट मोकळी आहे आणि ओझं जड आहे. प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रिंटर सुधारला, तर कशानं सुधारला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

एक पान किती जड असतं?

ए-फोर पान ८.२७ इंच रुंद आणि ११.६९ इंच उंच. इंचाला ६०० ठिपके धरले, तर त्या पानावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके बसतात. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक ठिपक्याला एक बिट पुरतो, म्हणजे पानाचं वजन सव्वाचार मेगाबाइटच्या आसपास. रंगीत पानात दर ठिपक्याला २४ बिट धरले, तर तेच पान १०४ मेगाबाइटचं होतं. ड्रायव्हर ही माहिती दाबून लहान करतो. पांढरं पान आणि काळी अक्षरं असतील, तर ती खूपच लहान होते. पण पानभर फोटो असेल, तर फारशी होत नाही.

आता वाटेचा हिशोब. घरातल्या वायफायवर प्रिंटरपर्यंत प्रत्यक्षात सेकंदाला २० मेगाबिट पोचत असतील, तर १०४ मेगाबाइटना सुमारे ४२ सेकंद लागतील. प्रिंटर लॅनच्या १०० मेगाबिटच्या वायरीवर असेल, तर साधारण साडेआठ सेकंद. ठिपके इंचाला ३०० केले, की वजन एकदम चौथ्या हिश्श्यावर येतं, कारण ठिपके रुंदीतही निम्मे होतात आणि उंचीतही. शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा घरच्या नोंदीसाठी ३०० पुरेसे असतात. ड्रायव्हरमधली ‘बेस्ट’ ही निवड फक्त फोटोंपुरती राखून ठेवावी.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेटचा प्लॅन १०० वरून ३०० मेगाबिटचा केला, म्हणून घरातली छपाई वेगानं होत नाही. लॅपटॉपमधून निघालेलं पान राउटरपर्यंत येतं आणि तिथूनच प्रिंटरकडे वळतं. ते इमारतीबाहेर जातच नाही. केबलवाल्याला फोन करण्याआधी हे लक्षात घेतलं, तर पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

देवनागरीचं ओझं

मराठी मजकुराच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे. घरगुती प्रिंटरांत सहसा देवनागरी फाँट बसवलेला नसतो. त्यामुळे जोडाक्षरं, वेलांट्या आणि रफार प्रत्येक वेळी संगणकालाच घडवून पाठवावे लागतात. तेवढ्यानं छपाई रखडत नाही, कारण अक्षरांच्या आकृत्या हलक्या असतात. रखडते ती आपल्या सवयींमुळे.

पुण्यात मराठी टंकनाचा इतिहास मोठा आहे. सी-डॅकच्या जिस्ट प्रकल्पानं आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीनं छापखाने, सरकारी कचेऱ्या आणि घरून डीटीपी करणाऱ्या असंख्य स्त्री-पुरुषांना मराठीत काम करण्याची साधनं दिली. पण युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटांत केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फाँट नसला, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. यावर अनेकांनी सोपा तोडगा काढला: पानाचं चित्र करायचं आणि ते पाठवायचं. किंवा छापलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ करायची. व्हॉट्सॲपवरच्या सराव प्रश्नपत्रिका बहुधा अशाच आलेल्या असतात. दिसायला ती अक्षरं असतात, पण प्रिंटरच्या दृष्टीनं तो पानभर फोटो असतो, तोही कागदाच्या करड्या छटेसकट रंगीत.

उपाय सोपे आहेत. मूळ फाइल आपली असेल, तर युनिकोडमध्ये टंकन करा आणि पीडीएफ करताना फाँट आत बसवा. मग पान हलकं राहतं आणि कुठल्याही संगणकावर तसंच दिसतं. फोटोवाली पीडीएफ छापायची असेल, तर ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’ आणि ३०० ठिपके निवडा. पीडीएफ वाचणाऱ्या ॲपमधली ‘प्रिंट ॲज इमेज’ ही खूण चुकून चालू राहिली असेल, तर ती काढा. अक्षरं बिघडत असतील तेव्हाच ती उपयोगाची, एरवी ती प्रत्येक हलकं पान जड करते.

मधला संगणक

घरातल्या सामायिक छपाईचा सगळ्यात मोठा अडथळा असतो मधला संगणक. पूर्वी प्रिंटरला फक्त यूएसबी असे. तो हॉलमधल्या डेस्कटॉपला जोडलेला असे आणि विंडोजमधून ‘शेअर’ केलेला असे. पुढे वायफायवाला प्रिंटर आला, पण व्यवस्था जुनीच राहिली. लॅपटॉप अजूनही डेस्कटॉपमार्फतच छापतो.

अशा घरात एका पानाचा प्रवास पाहा. लॅपटॉपवरून राउटरकडे, राउटरवरून डेस्कटॉपकडे, डेस्कटॉपवरून पुन्हा राउटरकडे आणि राउटरवरून प्रिंटरकडे. लॅपटॉप, डेस्कटॉप आणि प्रिंटर तिन्ही वायफायवर असतील, तर तेच पान त्याच हवेतून चार वेळा जातं. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, आणि थेट छपाईत पान हवेतून दोनदाच जातं, त्यामुळे मघाचे ४२ सेकंद दुप्पट होऊन दीड मिनिटाच्या जवळ जातात. शिवाय डेस्कटॉप झोपला असेल, तर तो जागा होईपर्यंत काहीच हलत नाही.

त्यात २०२१ पासून आणखी एका गोष्टीची भर पडली. त्या वर्षी विंडोजच्या स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्या आधारे दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा घेता येत होता. ती बुजवताना मायक्रोसॉफ्टनं सामायिक प्रिंटरचे नियम कडक केले. बऱ्याच घरांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं चालणारं शेअरिंग त्या अपडेटनंतर अडखळू लागलं. यावर ते अपडेट काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये, कारण तेच अपडेट आपल्या घराचं दार बंद ठेवतं.

खरा उपाय म्हणजे मधला संगणक वगळणं. प्रिंटरला स्वतःचं वायफाय किंवा लॅन असेल, तर तो प्रत्येक लॅपटॉपवर थेट जोडा. चार उड्यांच्या दोन होतात. प्रिंटर राउटरजवळ ठेवून लॅनची वायर लावली, तर हवेतली उडी एकच उरते. मोबाइलसाठी ॲपलची एअरप्रिंट ही सोय २०१० पासून आहे, आणि अँड्रॉइडवर मोप्रिया. दोन्ही डेस्कटॉपला वळसा घालून थेट प्रिंटरशी बोलतात. प्रिंटर फक्त यूएसबीचाच असेल, तर ज्या संगणकाला तो जोडलाय त्याला राउटरपासून लॅनची वायर द्या आणि कामाच्या वेळेत त्याची झोप बंद ठेवा.

हवेतली गर्दी

मुंबई-बंगळुरू महामार्ग आणि मुठा नदी यांच्या आसपास वारजे गेल्या काही दशकांत दाट वाढलं. एका मजल्यावर चार-चार फ्लॅट, समोरच्या इमारतीत तितकेच, आणि जवळपास प्रत्येक घरात राउटर. मोबाइलवर वायफायची यादी उघडली, की शेजाऱ्यांची नावं खालीपर्यंत सरकत जातात. ती सगळी यंत्रं आपल्या प्रिंटरच्याच हवेत बोलत असतात.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याविना वापरायला खुला झाला, आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली मोठी जागा मोकळी झाली. नवे मोबाइल आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर गेले, पण घरगुती प्रिंटर बहुतांशी २.४ वरच राहिले. त्या पट्ट्यात चॅनल १३ असले, तरी एकमेकांत न घुसणारे तीनच: १, ६ आणि ११. वायफाय तपासणाऱ्या एखाद्या ॲपवर पाहून यातला कमी गर्दीचा चॅनल राउटरमध्ये ठरवून द्या, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. गर्दीच्या इमारतीत ४० ची रुंदी फायद्यापेक्षा त्रासच देते.

जागाही महत्त्वाची. फायबरची पेटी बहुधा मुख्य दारावर बसवलेली असते आणि प्रिंटर मागच्या खोलीत, कपाटाशेजारी. मध्ये काँक्रीटच्या भिंती, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्ह तर याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. प्रिंटर दोन मीटर सरकवून पाहणं हा प्रयोग फुकट आहे.

दोन राउटरांची घरंही तपासावीत. केबलवाल्याच्या पेटीचं एक वायफाय आणि वर आपण विकत घेतलेल्या राउटरचं दुसरं. प्रिंटर एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असेल, तर ते एकमेकांना दिसत नाहीत, किंवा कधी दिसतात कधी नाही. ‘गेस्ट’ नेटवर्क तर मुद्दामच यंत्रांना एकमेकांपासून दूर ठेवतं. सगळी यंत्रं एकाच जाळ्यात आणा आणि दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ करा.

पत्ता हरवलेला प्रिंटर

आता वाट पाहण्याच्या उशिराकडे. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.२५ असा एक पत्ता देतो आणि तो कायमचा नसतो. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला, की प्रिंटरला दुसरा पत्ता मिळू शकतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून प्रिंटरचा पत्ता पक्का करा.

विंडोज प्रिंटर आपोआप शोधतं, तेव्हा बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचं पोर्ट वापरतं. त्यात प्रिंटरला नेटवर्कवर सतत स्वतःची ओळख सांगावी लागते. राउटरनं ती हाक पुढे नेली नाही किंवा प्रिंटर झोपला, की लांब शांतता पसरते. पक्का पत्ता देऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्टनं प्रिंटर नव्यानं जोडला, तर ही शोधाशोध संपते. त्याच पोर्टच्या मांडणीत ‘एसएनएमपी स्टेटस’ अशी एक खूण असते. तिच्यामुळे विंडोज प्रिंटरला त्याची हालहवाल विचारत राहतं. उत्तर आलं नाही, तर प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ दिसतो. असं होत असेल, तर ती खूण काढून पाहा.

वर्ड किंवा एक्सेल उघडायलाच वेळ लागत असेल, तर प्रिंटरांची यादी बघा. जुन्या ऑफिसचा किंवा कधीच विकून टाकलेला नेटवर्क प्रिंटर तिथे ‘डीफॉल्ट’ म्हणून राहिलेला असू शकतो. नसलेल्या यंत्राच्या उत्तरासाठी संगणक थांबतो. अशी नावं काढून टाका.

शेवटचं ठिकाण म्हणजे स्पूलरची रांग. गिरणीत पुढचाच डबा अडला, की मागचे सगळे डबे खोळंबतात, तसं एक बिघडलेलं काम मागच्या सगळ्यांना अडवून धरतं. ‘कॅन्सल’ करूनही ते जात नसेल, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातल्या ‘प्रिंटर्स’ या कप्प्यातल्या फाइली पुसा आणि स्पूलर पुन्हा चालू करा. रांगेतली सगळी कामं त्यात जातात, म्हणून घरातल्यांना आधी विचारून घ्या.

नोंद ठेवा

हे सगळं एका बैठकीत करण्याची गरज नाही. क्रम मात्र पाळावा: आधी प्रिंटरचा स्वतःचा कागद, मग यूएसबी वायर, मग हलकी आणि जड फाइल, मग मधला संगणक, मग हवा, आणि शेवटी पत्ता व रांग. प्रत्येक टप्प्यावर वेळ लिहा. प्रिंटरच्या बाजूला एक कागद चिकटवा: प्रिंटरचं मॉडेल, त्याचा पक्का पत्ता, तो कुठल्या वायफायवर आहे ते नाव, आणि कुठल्या तारखेला काय बदललं.

या नोंदीचा फायदा घरातल्या प्रत्येकाला होतो. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, तरी आजी फोनवर पत्ता वाचून दाखवू शकते. दुरुस्तीवाला आला, तर ‘यूएसबीवर लगेच येतं, वायफायवर पहिल्या पानाला दीड मिनिट लागतं’ एवढं सांगितलं, की त्याला अंदाजानं सुटे भाग बदलावे लागत नाहीत. आणि सगळ्या चाचण्या करूनही प्रिंटरचा स्वतःचाच कागद रखडत असेल, तेव्हाच नव्या यंत्राचा विचार करावा. मग तो खर्च डोळसपणे केलेला असेल, आणि चांगलं चालणारं एक यंत्र उगाच भंगारात जाणार नाही.